साडेतीन इंचांवर खरी वाफ

रुळांमधलं अंतर साडेतीन इंच, चाकाचा व्यास जेमतेम दोन इंच. इंजिन दोन्ही हातांनी उचलून मोटारीच्या डिकीत ठेवता येतं. एवढ्यावरून कुणी त्याला खेळणं म्हणेल. पण त्याच्या पोटात जळणारा कोळसा खरा असतो, बॉयलरमधल्या वाफेचा दाब दर चौरस इंचाला ८० पौंड असतो, आणि मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या दोन धडधाकट माणसांना ते ओढत नेतं. आत मोटर नाही, बॅटरी नाही. आग विझली की इंजिन थांबलं; पाणी संपू दिलं तर बॉयलरच कामातून गेला.

ब्रिटनमध्ये हा छंद चांगलाच मुरलेला आहे. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक काढलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये अशा हौशी मंडळींची संस्थाही उभी राहिली. पुढे गावोगावी क्लब झाले. एखाद्या उद्यानाच्या कडेला क्लबाचा स्वतःचा लोहमार्ग असतो, कुठं साडेतीन आणि पाच इंची, कुठं सव्वासात इंची. हिवाळाभर गॅरेजमध्ये इंजिनं घडतात आणि उन्हाळ्यातल्या रविवारी पळतात. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या अशा एका क्लबात एक मराठी गृहस्थ आहेत. तिकडची मराठी माणसं त्यांना काका म्हणतात, म्हणून इथंही काकाच म्हणू.

काका मूळचे कुर्डुवाडीचे. वडील बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. अडीच फुटी रुळांवरून पंढरपूरला जाणारी वारकऱ्यांची गाडी, तिच्या टपावर बसलेली माणसं आणि वडिलांच्या कपड्यांना येणारा तेलाचा वास, एवढी वाफेच्या इंजिनाची ओळख लहानपणी झालेली. पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये अप्रेंटिसशिप केली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडला आले, आणि तिथंही टूलरूमच. डाय, जिग, गेज. उभी हयात मायक्रॉनमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मायफर्ड लेथ विकत घेतली. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा मायफर्डचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला, पण त्याच्या लेथ अजून इंग्लंडभर गॅरेजांत फिरताहेत. मायक्रॉन पाळणाऱ्या हाताला एवढंसं इंजिन काय जड, असा काकांचा हिशेब होता. तो निम्मा बरोबर निघाला.

पहिलं इंजिन म्हणून त्यांनी निवडलं ‘टिच’. चार चाकांचं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं, नवशिक्यांसाठी आखलेलं हे इंजिन आजवर असंख्य गॅरेजांत तयार झालं आहे. त्याचा कर्ता ‘एलबीएससी’ या सहीनं लिहायचा. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची ती आद्याक्षरं. माणसाचं नाव लिलियन लॉरेन्स, १८८३ ते १९६७. त्याच्या आधीची बहुतेक छोटी इंजिनं स्पिरिटच्या दिव्यावर चालायची आणि स्वतःबरोबर दोनचार डबे ओढले तरी मालक खूश असायचा. एवढ्याशा बॉयलरमध्ये कोळसा जाळून माणसं ओढता येणार नाहीत, असं जाणकारही मानत. १९२४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात बॅसेट-लोक कंपनीच्या इंजिनाशी लॉरेन्सच्या ‘आयेशा’ची जाहीर चढाओढ झाली. ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून ती आजही ओळखली जाते. अडीच इंची रुळांवरच्या आयेशानं कोळशाच्या आगीवर माणसं ओढून दाखवली आणि वाद मिटला. त्यानंतर लॉरेन्स दशकानुदशकं लिहीत राहिला: कुठलं ड्रिल घ्यायचं, जॉब चकमध्ये कसा धरायचा, आधी कुठलं भोक पाडायचं. लेथ कधी न पाहिलेल्या कारकुनालाही इंजिन करता यावं, अशा बेतानं.

काकांना त्या सूचनांची गरज नव्हती. फ्रेमच्या दोन्ही पट्ट्या एकत्र जखडून भोकं पाडणं, बिडाच्या चाकाची वरची कडक साल पहिल्याच खोल कटमध्ये काढून टाकणं, हे त्यांच्या हातातलं काम. पहिली खरी चर्चा झाली ती क्रँकवरून. डावीकडची क्रँक उजवीकडच्या क्रँकशी काटकोनात हवी. म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचला तरी दुसरा मधोमध असतो आणि इंजिन कुठल्याही स्थितीतून निघतं. काकांनी काटकोनासाठी खास जिग बनवला. क्लबातल्या एका जुन्या सभासदानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि सांगितलं, की नव्वदाऐवजी एकोणनव्वद अंश झाले तरी इंजिनाला पत्ता लागणार नाही. पण पुढच्या ॲक्सलवर एकोणनव्वद आणि मागच्यावर नव्वद झाले, तर कपलिंग रॉड दर फेऱ्याला अडेल. दोन्ही ॲक्सल एकसारखे असले म्हणजे झालं. काकांचा जिग शेवटी त्याच कामी आला.

ॲक्सलबॉक्सचं तेच. फ्रेमच्या खाचेत तो वरखाली सरकतो. टूलरूमच्या माणसाला तो असा बसवावासा वाटतो, की तेलाच्या पापुद्र्यावर हळूच खाली यावा. पण क्लबाचा लोहमार्ग काही सरफेस प्लेट नव्हे. कुठं जोड खचलेला असतो, कुठं उन्हानं रूळ ताणलेला असतो. एका रुळावर खळगा आला की त्या बाजूचं चाक खाली जायला हवं, समोरचं तिथंच राहायला हवं, म्हणजे ॲक्सलला तिरकं व्हायला जागा हवी. ती नसेल तर चारांपैकी एक चाक हवेत राहतं आणि इंजिन घसरतं. म्हणून बॉक्सच्या कडा वरखाली थोड्या घासून मोकळ्या करायच्या, कपलिंग रॉडच्या भोकात क्रँकपिनला किंचित हलायला वाव ठेवायचा. किती वाव, तेही मोजूनच ठरतं. आयुष्यभर खेळ काढून टाकण्याचा पगार घेतलेल्या माणसानं आता तो मोजून घालायचा होता.

सिलिंडर गनमेटलचे. त्यांचं बोअरिंग आणि स्लाइड व्हॉल्व्ह जाड काचेवर घासून सपाट करणं, यात काकांनी मजा घेतली पण नवल असं काही भेटलं नाही. व्हॉल्व्ह पुढेमागे सारख्याच प्रमाणात उघडतो ना, हे टॉर्च लावून पाहिलं. मग हवेच्या पंपानं सिलिंडरांत हवा भरली आणि चाकं बाकावर फिरायला लागली. बरेच जण या टप्प्यावर शेजाऱ्यांना बोलावतात. काकांनी काकूंना बोलावलं. काकूंनी पाहिलं आणि विचारलं, “अहो, पण हे तर हवेवर चाललंय. वाफ कुठाय?”

वाफ बॉयलरमध्ये व्हायची होती, आणि बॉयलर काकांनी कधी केलेला नव्हता.

पुष्कळ हौशी लोक बॉयलर तयार विकत आणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. काकांनी तो स्वतः करायचं ठरवलं. लहान इंजिनांचे बॉयलर बहुधा तांब्याचे असतात, कारण तांबं गंजत नाही आणि उष्णता झटकन पुढे पोचवतं. पुढच्या-मागच्या भिंतींच्या कडा पोलादी फॉर्मरवर ठेवून दुमडायच्या असतात. त्यासाठी पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं केल्यानं कडक होतं; तांबं मऊ पडतं. मग लाकडी हातोडीचे ठोके. थोड्याच ठोक्यांत पत्रा ताठरतो, हातोडी उसळायला लागते, आवाज बदलतो. तेव्हा थांबून तो पुन्हा तापवायचा. न थांबणाऱ्याचा पत्रा कोपऱ्यात फाटतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडी मठारणाऱ्या कारागिरांचे कान या आवाजावर तयार झालेले असतात. पिंपरीला असताना काका त्या आळीतून कितीतरी वेळा गेले होते, तिथला ठोक्यांचा गलका ऐकला होता, पण त्यात ऐकण्यासारखं काय असतं ते इथं गॅरेजमध्ये कळलं.

खरी कसोटी झाळकामाची. झाळण चांदीची, निम्म्याहून अधिक चांदी असलेली. ती ६३० ते ६६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते आणि तांबं १,०८५ अंशांना. कागदावर हे अंतर ऐसपैस दिसतं. प्रत्यक्षात तांबं सगळी उष्णता चहूकडे पळवतं, त्यामुळे एक जोड तापवायचा तर अख्खा बॉयलर तापवावा लागतो. भोवती उष्णतारोधक विटा रचायच्या, मोठा प्रोपेन बर्नर लावायचा. जोडावर लावलेला टाकणखाराच्या जातीचा फ्लक्स आधी फुगतो, मग पांढरा पडतो, मग पाण्यासारखा पातळ होऊन चमकतो. त्या वेळी काडी टेकवली की ती ज्वाळेनं नव्हे, तांब्याच्या अंगच्या उष्णतेनं वितळायला हवी, आणि जोडाच्या बारीक फटीत आपसूक ओढली जायला हवी. उशीर झाला तर फ्लक्स काळा पडून संपतो आणि झाळण गोळे होऊन बसते. आत काय झालं हे मोजायला कुठलंही गेज नाही. पलीकडच्या बाजूला चंदेरी रेघ सलग उमटली म्हणजे झाळण पोचली, एवढीच खूण.

एकट्याचं हे काम नव्हे. एक हात बर्नरवर, एक काडीवर, आणि बॉयलर वळवायला तिसरा कुठून आणणार? काकूंनी गॉगल चढवला, दुसरा बर्नर घेतला आणि म्हणाल्या, “तुम्ही काडीकडे बघा, आग मी बघते.” जन्मभर तव्याचा अंदाज घेतलेल्या त्या डोळ्यांना तांब्याचा रंग काकांच्या आधी समजत होता. काका पायरोमीटर आणायच्या गोष्टी करत होते. काकू ‘आता’ म्हणायच्या, आणि काडी बरोबर उतरायची.

दर झाळणीनंतर बॉयलर आम्लात बुडवून फ्लक्स आणि काळपट थर काढावा लागतो. पूर्वी पातळ केलेलं गंधकाम्ल वापरत. आता बरेच जण सायट्रिक ॲसिडवर भागवतात. ढोकळ्यासाठी आणून ठेवलेलं लिंबूफूल स्वयंपाकघरातून नाहीसं व्हायला लागलं, तेव्हा मात्र काकूंनी हात आखडता घेतला.

फायरबॉक्सच्या सपाट भिंतींना जागोजागी आडव्या सळ्या लागतात, त्यांना स्टे म्हणतात. त्यांची गरज साध्या गुणाकारानं कळते. तीन इंच बाय चार इंचांची भिंत म्हणजे १२ चौरस इंच. ८० पौंडांच्या दाबाला तिच्यावर ९६० पौंड, म्हणजे सुमारे ४३५ किलोचा रेटा. पोस्टकार्डाहून लहान तांब्याच्या पत्र्यावर एवढा भार! स्टे नसतील तर ती भिंत फुगून फाटेल. म्हणून क्लबाचा बॉयलर तपासनीस पहिल्या चाचणीत बॉयलर पूर्ण पाण्यानं भरतो आणि दाब कामाच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांवर नेऊन धरून ठेवतो. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे एखादा जोड सुटलाच तर स्फोट होत नाही, नुसती चिळकांडी उडते. स्वतःचा बॉयलर स्वतः तपासून मंजूर करता येत नाही, मग तो तपासनिसाचा का असेना. चाचणीच्या प्रमाणपत्राशिवाय विमा नाही आणि विम्याशिवाय क्लबाच्या रुळांवर इंजिन ठेवता येत नाही. काकांचा बॉयलर काट्यावर स्थिर राहिला. तपासनिसानं मुकाट्यानं प्रमाणपत्र भरलं आणि पुढची चाचणी वाफेवरची असेल, असं सांगितलं. तीत भट्टी भरभरून पेटवतात आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकट्यानं सगळी वाफ बाहेर सोडू शकतात का ते पाहतात. दाब ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये.

या सगळ्या खटाटोपात काकांना एक गोष्ट पुन्हापुन्हा भेटत होती. साडेतीन इंच म्हणजे स्टँडर्ड गेजचा साधारण सोळावा भाग. लांबी १६ पटींनी घटली, की पृष्ठभाग २५६ पटींनी घटतो आणि आकारमान ४,०९६ पटींनी. म्हणजे आतल्या पाण्याच्या मानानं बाहेर उष्णता गमावणारा पत्रा १६ पट जास्त. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पावणेदोन इंची नळ्या शे-दोनशे असतात. त्या १६ पट बारीक केल्या तर काजळीनं पहिल्याच फेरीत बंद होतील. म्हणून इथं नळ्या मोजक्या आणि त्या मानानं जाड. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फार बारीक घेतली तर पाण्याचा पृष्ठताण तिच्यात खोटी पातळी दाखवतो, बुडबुडे अडकून बसतात. इंजिन बाहेरून हवं तेवढं लहान करता येतं, आतलं पाणी आणि आग मात्र आपल्या मूळ मापाचीच राहतात. त्यामुळे हुबेहूब प्रतिकृती चालत नाही, आणि चालणारं इंजिन आतून हुबेहूब नसतं. लॉरेन्सला हे १९२४ मध्ये पक्कं ठाऊक होतं.

पहिली वाफ क्लबातच केली. धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवून ओढ निर्माण करायची, रॉकेलमध्ये भिजवलेल्या लाकडाच्या चिपट्या पेटवायच्या, त्यावर लोणारी कोळसा, मग दगडी कोळसा. दाब वीसेक पौंडांवर गेला की पंखा काढून इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर सुरू होतो. रेग्युलेटर उघडल्यावर थंड सिलिंडरांत वाफेचं पाणी होतं आणि धुराड्यातून तेलकट फवारा उडतो. क्लबात कुणीही चांगला शर्ट घालून येत नाही.

हवेवर फिरणारं इंजिन आणि वाफेवर ओढणारं इंजिन यांत किती अंतर असतं, ते चालवायला बसल्यावर उमगतं. फावडं आचमनाच्या पळीएवढं. एका वेळी चिमूटभर कोळसा. जास्त घातला तर आग गुदमरते, कमी घातला तर जाळीवर भोक पडून थंड हवा आत शिरते. ॲक्सलवर चालणारा पंप पाणी घालतो. पण गार पाणी आत गेलं की दाब उतरतो, आणि पाणी टाळावं तर काचेतली पातळी खाली जाते. पाणी घालायची दुसरी सोय म्हणजे इंजेक्टर. फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी १८५८ मध्ये शोधलेलं हे उपकरण हलणाऱ्या एकाही भागाशिवाय वाफेच्याच जोरावर पाणी बॉयलरमध्ये ढकलतं. छोट्या इंजेक्टरच्या शंकूंची भोकं मिलिमीटरच्या आसपास असतात. कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो रुसतो. त्याला तापू द्यायचं नसतं, दाब ठरावीक टप्प्यात ठेवायचा असतो, आणि तो पाणी घेताना होणारा बारीक आवाज ओळखायचा असतो. मोठ्या इंजिनात फायरमनची हयगय मैलभर गेल्यावर कळते. इथं ती पुढच्या वळणावर समोर येते.

कुर्डुवाडीला वडील इंजिनं दुरुस्त करायचे. ती चालवणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनविषयी घरात मानानं बोललं जायचं. काकांना ते फिटरचं सौजन्य वाटायचं. आता स्वतः आगीपुढे बसल्यावर ते त्या बोलण्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतात.

या कौशल्याची स्पर्धाही होते. १९६९ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’च्या पुढाकारानं छोट्या इंजिनांच्या कार्यक्षमतेची स्पर्धा सुरू झाली. कोळसा तोलून देतात, मागे ओढ मोजणारा डबा जोडतात, आणि ठरलेल्या वेळात जाळलेल्या कोळशाच्या मानानं किती काम झालं ते काढतात. जिंकणाऱ्यांची कार्यक्षमताही साधारण दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि पत्र्यातून निघून जाते. तेवढ्या एकेका टक्क्यासाठी लोक व्हॉल्व्हची सेटिंग आणि ब्लास्ट नळीचं तोंड वर्षानुवर्षं बदलत राहतात. काकांनी अजून भाग घेतलेला नाही. टिच त्या कामाचं नाही असं ते म्हणतात.

क्लबापुढे सध्याचा प्रश्न वेगळाच आहे: जाळायचं काय? दक्षिण वेल्समधला कमी धुराचा स्टीम कोल या छंदाचं आवडतं इंधन. मर्थिर टिडफिलजवळची फॉस-अ-फ्रान ही उघडी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि तो मिळणं अवघड झालं. आता परदेशी कोळसा आणि तयार ठोकळे यांचे प्रयोग चालले आहेत. कुणाची राख काच होऊन जाळीला चिकटते, कुणाची आग पेटायलाच मागत नाही. काका वहीत नोंदी ठेवतात. टूलरूमची सवय इथं उपयोगी पडली.

काकांनी आता दुसरं इंजिन घेतलं आहे, आणि ते बार्शी लाइटच्या गोतावळ्यातलं आहे. बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा नेम होता, आणि त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीनं बार्शीला अनेक चाकांची टँक इंजिनं बांधून दिली. १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली. त्याच कॅलथ्रॉपनं पुढे स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभारली. १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि तिची दोन्ही इंजिनं किटसननंच बांधली. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. पुढे लावलेला मोठा दिवा पाहून ती हिंदुस्थानातून आल्यासारखी वाटत. १९३४ मध्ये ती रेल्वे बंद झाली. आज तिच्या वाटेवरून लोक पायी आणि सायकलवर फिरतात. काका-काकू तिथं फिरायला गेले होते, आणि पाटीवर कॅलथ्रॉपचं नाव वाचून काका थबकले.

अडीच फूट म्हणजे ३० इंच, त्याचा सहावा भाग बरोब्बर पाच इंच. क्लबाच्या पाच इंची रुळांवर हे इंजिन एकास सहा मापानं चपखल बसतं. कॅलथ्रॉपचे पाच टनही काकांनी याच मापानं उतरवून पाहिले: भार घनमापानं घटतो, म्हणून २१६ नं भागायचं, दर ॲक्सलला साडेतेवीस किलोच्या आसपास. क्लबाच्या रुळांना हे सहज पेलेल. बॉयलरचा नकाशा मात्र त्यांनी मापानं उतरवलेला नाही. नळ्या मूळ संख्येच्या मानानं मोजक्याच ठेवल्या आहेत, पत्रा मापाहून जाड घेतला आहे, आणि तांबं कापण्याआधी नकाशा तपासनिसाकडे पाठवला आहे. तो परत आला तो पेन्सिलीच्या खुणांसह: फायरबॉक्सच्या वरच्या भागात स्टेची आणखी एक रांग हवी, आणि नळ्यांमधली जागा झाळणीच्या मानानं फार चिंचोळी आहे. काकांनी दोन नळ्या आणखी कमी केल्या, स्टेची रांग वाढवली आणि नकाशा पुन्हा पाठवला. तांब्याचे भाव चढले आहेत, त्यामुळे पत्रा तपासनिसाचं उत्तर आल्यावरच मागवायचा. तोवर चाकांची कास्टिंग लेथवर चढली आहेत.